देव्हाऱ्यातली दिल्ली

रविवार, १ मार्च १९८१

जयसिंग, लिहायला फार उशीर केला, राग मानू नकोस. तू कंपनीत आत गेलास त्याच दिवशी लिहायचं मनात होतं. पण आधी चष्मा सापडेना, मग पेनातली शाई वाळलेली निघाली, आणि खरं सांगायचं तर वाटलं, दोन दिवसांत तू येशीलच, कशाला लिहायचं. ही डायरी तुझीच आहे. कंपनीनं नवीन वर्षाला दिलेली, तू फडताळात टाकून ठेवली होतीस. आधीची पानं कोरी सोडली आहेत. तू आलास की वाचायला देईन. तोवर कुणाला दाखवणार नाही, पद्मालाही नाही, तुझी बायको असली तरी.

संप लागला आणि साहेबांनी तुम्हा काही जणांना काम चालू ठेवायला जाळीच्या गाडीतून आत नेलं. थोड्या दिवसांचं काम, म्हणाले. आता बाहेरून संपवाल्यांनी गेट अडवलंय. आतला कुणी बाहेर आला तर तोंडाला काळं फासायचं, चपलांचा हार घालायचा आणि चिंचवडभर फिरवायचा, असं ठरलंय म्हणे. वॉचमन चिठ्ठी घेत नाही. मी कालच एका पोराच्या हाती पाठवून बघितली.

मी एवढंच म्हटलं होतं की रान गेलं त्याच्या बदल्यात ही नोकरी मिळाली, आता नोकरी गेली तर रान काही परत मिळायचं नाही. एवढंच. जा असं म्हटलं नव्हतं.

मफलर नेलास का? पहाटे गार पडतं. तुझी छाती लहानपणापासून नाजूक.

सोमवार, २ मार्च

दाढीला गेलो होतो. दौलत न्हावी म्हणाला, "आबा, वस्तरा धारंला दिलाय."

"मग हातात काय हाय तुझ्या?"

"ह्यो? ह्यो दुसऱ्याचा हाय."

बाकावर बसलेले हसले. मी म्हटलं, असू दे, उद्या येतो. उद्या जाणार नाही. लोक बोलत नाहीत माझ्याशी. समोरची सोजरबाई एवढ्या वर्षांत रोज तांब्याभर ताक देत आली, तिनंही दार लावून घेतलं. तिचा ज्ञानदेव युनियनमध्ये पुढं आहे, तिचा इलाज नसेल. पण तुम्ही दोघं एका पाटीवर शिकलात, माझ्या पाठीवर बसून आंबे काढलेत, हे ती विसरली असेल असं मला वाटत नाही.

एक चांगलं आहे. नळावर बायका पद्माला पहिला नंबर देतात. माझ्या वयाचा मान राखत असणार.

बुधवार, ४ मार्च. महाशिवरात्र

आज फार वाईट गोष्ट झाली. कुणाला सांगू कळेना म्हणून लिहितो.

देव्हाऱ्यातली आपली काशी तुला ठाऊक आहे. माझे वडील खडकीला एका गोऱ्या साहेबाकडं माळी होते. साहेब विलायतेला निघाला तेव्हा सामानाचा लिलाव झाला आणि जे कुणी घेतलं नाही ते नोकरांनी वाटून घेतलं. त्यात हे छापील चित्र. नदी, नदीकाठी तटबंदी, आत उंच कळस. आईनं बघितलं आणि म्हणाली, ही तर काशी. आपल्याच्यानं तिथं जाणं होत नाही, तीच घरी आली. तेव्हापासून शिवरात्रीला बेल, एरवी फूल. चौकटीच्या कडेला आईच्या बोटांचं कुंकू अजून आहे. तुझ्या आईनं, कस्तुरानंही तेच केलं. ती गेली त्या दिवशीसुद्धा सकाळी तिनं फूल वाहिलं होतं.

आज पद्मा काच पुसत होती. ओल्या फडक्यानं खालचा कुंकवाचा थर निघाला आणि इंग्रजी अक्षरं दिसली. ती मॅट्रिक आहे, वाचत बसली. मी म्हटलं, "काशीच ना गं?"

ती म्हणाली, "मामंजी, ही दिल्ली आहे. सत्तावनच्या बंडातली. वेढा पडलेल्या दिल्लीचा देखावा, टेकडीवरून काढलेला, असं लिहिलंय."

"आणि हे कळस?"

"मशिदीचे मिनार असतील."

आईनं जन्मभर बेल वाहिला. मशिदीचं काही नाही, देव सगळीकडं आहे, पण गाव तर बरोबर असावं! मग मी विचारलं, पुढं हे तंबू, या तोफा कुणाच्या? ती म्हणाली, गोऱ्यांच्या. मग चित्र काढणारा कुठं बसलाय? ती म्हणाली, गोऱ्यांच्यातच.

"आणि आतली माणसं?"

"आतलं एकही माणूस काढलं नाही मामंजी. नुसत्या भिंती."

मी विचारलं, मग पुढं काय झालं दिल्लीचं. तिनं चित्र परत लावलं आणि बेल वाहिला. म्हणाली, "पडली."

सणाच्या दिवशी असं बोलू नये. पण विचारलं मीच.

शनिवार, ७ मार्च

ज्वारीला उंदीर लागलेत. कणगीत हात घातला तर पार तळाला गेला. माणसं दोन, त्यात मी अर्धी भाकरी खाणारा. पद्माला विचारलं, ती म्हणाली, "उंदीर असतील." सापळा लावला, त्यात खोबऱ्याचा तुकडा अडकवला. कंपन्या आल्यापासून उंदीरसुद्धा बिलंदर झालेत, खोबरं जिथल्या तिथं आणि ज्वारी कमी.

पद्मा रोज सकाळी पुनावळ्याला मावशीकडं जाते. उन्हाळ्याची वाळवणं चाललीत तिथं, कुरडया, पापड. संध्याकाळी येते तेव्हा अंगाला धुराचा वास आणि कोपरापर्यंत पीठ. लाकडाची मोठी काठवटही तिकडंच नेलीय, आपली, कडेचा टवका उडालेली. मी म्हटलं, मावशीला स्वतःची काठवट नाही का? ती म्हणाली, माणसं फार आहेत. पापडाला एवढी माणसं कशाला लागतात! पण बोललो नाही. नवरा अडकलेला, तिचं मन रमतंय तर रमू दे.

मी एकटाच घरी. दार आतून लावून घेतो. दुपारभर ते चित्र बघत बसतो. आधी हात जोडायला बसायचो, आता नुसता बघतो. दिल्लीतली माणसं घराची दारं लावून अशीच बसली असतील. त्यांच्या न्हाव्यानं त्यांची दाढी केली असेल का?

तंबूंच्या पुढं, कोपऱ्यात, एक काळा म्हातारा बसलेला आहे. पागोटं घातलेला, हात डोळ्यांवर धरून शहराकडं बघतो. गोऱ्यांचा नोकर असणार. आपला माणूस असून तिकडं जाऊन बसला. मी त्याच्यावर बोट ठेवून झाकून टाकतो.

सोमवार, ९ मार्च

काल वरच्या आळीत दगडफेक झाली. तुझ्याबरोबर आत गेलेल्या दोघांच्या घरांची कौलं फुटली. आपल्या घरावर एकही दगड आला नाही. ज्ञानदेव स्वतः आपल्या दारासमोर उभा होता, फटीतून दिसला. पोरांना म्हणत होता, "ह्या घराकडं बघायचं बी न्हाई. कळलं का?"

काशी असो का दिल्ली, इतकी वर्षं वाहिलेलं फूल वाया जात नाही.

एक विचार मात्र डोक्यातून जात नाही. आत तू आहेस. बाहेर ज्ञानदेव आहे. तोही आपलाच. मग यात गोरे कोण?

शुक्रवार, १३ मार्च

आज तुझ्या लहानपणीचं भिंग सापडलं. ते घेऊन चित्र बघितलं. डाव्या अंगाला नदी आहे, त्या नदीवर होड्या एकीला एक लावून पूल केलाय. मी इतकी वर्षं त्याला घाटाच्या पायऱ्या समजत होतो. पुलावर ठिपके आहेत. भिंगातून दिसलं, ती माणसं आहेत. एक बैलगाडीही आहे. शहरात चाललीय.

म्हणजे वेढा म्हणतात, पण मागून येणंजाणं चालूच होतं. गोरे टेकडीवर बसून पुढची भिंत बघत राहिले.

आणि एकदम मला आठवलं. कंपनीची मागची बाजू म्हणजे आपलं रान. आपली विहीर अजून आहे तिथं, भिंतीच्या आत. त्याच्या खाली ओढा पवनेला जातो, आणि भिंतीखाली त्या ओढ्याला मोरी ठेवलीय. कंपनीवाल्यांना माहीत नसेल एवढं मला ते रान माहीत आहे. संपवाले सगळे पुढच्या गेटवर.

गुडघा फार दुखतो. उतार आहे, पाय घसरला तर? कुणी बघितलं तर? पद्माला सांगावं का? नको. बाईमाणूस, भिईल.

शुक्रवार, २० मार्च. होळी

पद्मानं पहाटेपासून पुरण घातलं. एवढ्या पोळ्या केल्या की मी म्हटलं, गावजेवण आहे का? दोन मला ठेवल्या, दोन देवाला, बाकी डबे भरून मावशीकडं. आता मावशीबद्दल मला जरा शंका येते. अधाशी बाई दिसते.

संध्याकाळी चौकात होळी पेटली. दरवर्षी मी नारळ टाकायला जातो. यंदा दार लावून बसलो. होळीला बोंब मारायची असते, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं, हे मलाही कळतं. मी तरुणपणी पाटलाच्या नावानं मारलीय. पण पोरं एकेक नाव घेत होती. आत असलेल्यांची नावं. प्रत्येक नावानंतर बोंब. मी कानात कापूस घातला तरी ऐकू येत होतं. तुझ्या नावाची पाळी आली. कुणीतरी म्हणालं, "जयसिंगाच्या नावानं..." आणि मग काहीच नाही. गप्प. लाकडं तडतडत होती तेवढीच. मग पुढचं नाव.

का गप्प झाले, कळलं नाही. पद्मा त्या वेळी नैवेद्य घेऊन होळीपाशीच गेली होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "वारा फिरला असेल, ऐकू आलं नसेल तुम्हाला."

शनिवार, २१ मार्च

आज आपण भेटलो. तुला ठाऊकच आहे, तरी लिहितो, कारण माझ्या डोक्यात राहत नाही.

सकाळी पोरं धुळवड खेळत होती. माझ्या वाटणीच्या दोन पोळ्या फडक्यात बांधल्या आणि ओढ्याच्या अंगानं निघालो. बाभळी वाढल्यात. दोनदा बसलो. मोरीपाशी आलो, वाकून बघितलं, लोखंडी गज होते आणि पलीकडं आपली विहीर दिसत होती. माझ्या बापानं खणलेली. तिच्यावर तुमची माणसं कपडे धूत होती. एकाला हाक मारली, म्हटलं, जयसिंगला बोलाव, त्याचा बाप आलाय म्हणावं. तो असा दचकला की साबण पाण्यात पडला.

तू आलास. जाड झालायस. मला वाटलं होतं वाळला असशील.

"आबा, तुमी? हिकडनं कसं आलात?"

"आपलंच रान हाय. मला कोण अडवतंय?"

तू पोळी खाल्लीस, म्हणालास, पद्माच्या हातची. मी विचारलं, आत मारतात का, उपाशी ठेवतात का. तू म्हणालास, दोन वेळचं जेवण, रात्री पडद्यावर सिनेमा, कॅरम. मग मी गज चाचपले. एक हलत होता. मी म्हटलं, "ह्यो हालतोय बघ. दोघांनी वढला तर निघंल. चल घरी."

तू म्हणालास, "निघंल व्हय. आमीच हलवून ठेवलाय. दोघं गेली बी यातनं."

"मग तू का न्हाई आलास?"

"येऊन कुठं बसू? गेटवर बसू, तर ज्ञान्या बसू देईल का? का तुमच्याजवळ दार लावून बसू, अशी दाढी वाढवून?"

मला राग आला. म्हटलं, बापाच्या दाढीवर बोलतोस. तू एकदम मऊ झालास. विचारलंस, "पद्मानं बोलावलंय का मला?"

मी खरं ते सांगितलं. ती कशाला बोलवेल, तिला वाटतं तू कामावर आहेस. रोज मावशीकडं जाते, पापड लाटते, चांगली आहे.

तू गजाला धरून बसून राहिलास. मग म्हणालास, "आबा, कँटीनच्या गच्चीवरनं गेट दिसतं. पद्मा रोज दिसती मला. चुलीपाशी बसती, भाकरी थापती."

"गेटवर? ती न्हाई रे. दुसरी कुणी असंल. लांबनं सगळ्या बाया सारख्याच दिसत्यात."

तू हसलास. डोळे बारीक केलेस, ऊन आलं असेल. म्हणालास, "तेच म्हणतो. गर्दीत वळखू येत न्हाई नीट. तिला सांगा, हिरवं पातळ नेसून ये म्हणावं. मी यावं असं तिला वाटत असंल, तरच. न्हाईतर ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, पापड लाटायला हिरवं पातळ कशाला? तू म्हणालास, एवढं सांगाच.

सांगायला हवं होतं ते मफलरचं राहिलं.

रविवार, २२ मार्च

पद्माला निरोप सांगितला. मोरीचंही सांगावं लागलं. ती तांदूळ निवडत होती. तुझे शब्द होते तसेच सांगितले. सूप बाजूला ठेवून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी बाहेरून म्हटलं, "काय झालं गं? त्याची तब्येत चांगली हाय."

आतून म्हणाली, "धूर गेला डोळ्यात." चूल तर पेटलेली नव्हती.

मग हिरवं पातळ नेसून बाहेर आली. लग्नातलं. सणालासुद्धा काढत नाही ते. म्हणाली, "मावशीकडं जाते." मी म्हटलं, रविवारीही पापड? ती म्हणाली, "हो."

बुधवार, २५ मार्च

तू आला नाहीस. रविवारी नाही, सोमवारी नाही, काल नाही. पद्मा रोज तेच पातळ रात्री धुते आणि सकाळी नेसते.

आज मी परत मोरीपाशी गेलो. मोरी बंद. विटा लावून सिमेंट केलंय, पाण्यापुरती वीतभर नळी ठेवलीय. सिमेंट अजून ओलं होतं. आतून थापीचा आवाज येत होता. मी नळीतून हाक मारली. कुणीतरी म्हणालं, "कोण आहे रे तिकडं?" आवाज ओळखीचा नव्हता. मी पळालो. या वयात पळालो.

मी आलो नसतो तर त्यांना मोरी कळली असती का? कपडे धुणाऱ्यानं सांगितलं असेल. का मी फार मोठ्यानं बोललो? मला कमी ऐकू येतं म्हणून मी मोठ्यानं बोलतो, सगळे म्हणतात.

गुरुवार, २६ मार्च

काही खाल्लं नाही. चित्रातल्या पुलावरच्या गाडीकडं बघत बसलो. ती अजून पोचलेली नाही.

रविवार, २९ मार्च

आज मी गेटवर गेलो.

का गेलो ते सांगता येत नाही. घरात बसवेना. पद्मा निघाली तशी तिच्या मागोमाग निघालो, जरा अंतर ठेवून. ती पुनावळ्याच्या वाटेला वळलीच नाही. तिला ठाऊक होतं मी मागं आहे ते. वळून बघितलं नाही, पण हळू चालायला लागली, माझ्या गुडघ्यासाठी.

गेटसमोर लिंबाखाली मांडव आहे. तीन मोठ्या चुली. बायका बसल्या होत्या, सोजरबाईही. एका चुलीपाशी आपली काठवट, कडेचा टवका उडालेली. पद्मा सरळ जाऊन तिच्यापाशी बसली आणि पीठ मळायला लागली. मी उभाच. ज्वारीचं पोतं बघितलं. घरी आलो की सापळा उचलून ठेवायचा, असं मनात आलं.

मग सोजरबाईच बोलली, "भावजी, हुबं का? बसा की. कांदं सोलता का? का तेबी आमीच करायचं?"

बसलो. कांदे सोलले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते बरंच झालं.

ज्ञानदेव आला. शेजारी उकिडवा बसला. मी त्याच्याकडं बघितलं नाही. तो म्हणाला, "आबा, जयसिंगाला निरोप धाडता येतोय का काय?"

"कशाला? काळं फासायला?"

"न्हाई फासणार. हिथनं, पुढच्या गेटातनं सरळ येऊ दे. त्याला कुणी बोट लावणार न्हाई. पद्मावहिनीनं समद्यांकडनं शब्द घेतलाय, होळीम्होरं. इस्तवाची शपथ हाय." मग हळूच म्हणाला, "पर त्याला कळवायचं कसं? भोंगा पोलिसांनी नेला. चिठ्ठी वॉचमन फाडतोय."

मी म्हटलं, मोरीतून... मोरी आता नाही.

म्हणजे तू यायला मोकळा आहेस, जयसिंग, आणि ते तुला माहीत नाही. आणि सांगायची जी एक वाट होती ती गेली.

कँटीनची गच्ची इथून दिसते. तिच्यावर माणसं उभी होती, मुंगीएवढी. मी हात डोळ्यांवर धरून बघत राहिलो. त्यातला तू कोणता, कळेना. तसाच बघत असताना मला तो चित्रातला म्हातारा आठवला, पागोटंवाला. इतके दिवस मी त्याला फितूर म्हणत होतो. त्याचंही कुणीतरी आत असेल.

मग ज्ञानदेवानं दौलत न्हाव्याला हाक मारली, "ए, आबांची दाढी कर." दौलत म्हणाला, "वस्तरा आलाय धार लावून." सगळे हसले, मीही. तिथंच मांडवात दाढी करून घेतली. हौस म्हणून नाही. तू लांबून बघणार, दाढीत ओळखशील न ओळखशील.

आता हे नीट वाच. वाचशील तेव्हा वाचशील, पण मी लिहून ठेवतो. उद्यापासून मी रोज तिथं बसणार आहे. उजव्या अंगाला, लिंबाच्या बुंध्याशी, पांढरं मुंडासं. पद्मा माझ्या डाव्या हाताला, हिरवं पातळ. बघ, तुझा बाप संपवाल्यांच्यात बसलाय आणि कुणी त्याला काही करत नाही. त्यावरून तुला कळायला पाहिजे. तू हुशार आहेस.

कळलं तर गच्चीवरून टॉवेल हलव, शर्ट हलव, काहीही हलव. पण लवकर कळव रे. पातळ धुऊन धुऊन विटत चाललंय, आणि माझी नजर संध्याकाळी काम देत नाही. दुपारच्या आत कळव.